बाबांच्या हातात पुन्हा फळी दिली तेव्हा

बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं. अल्झायमरचं निदान झालं आणि दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांचा दिवस पार रिकामा झाला. टेबलाशी बसायचे आणि तळहात टेबलाच्या कडेवरून मागे-पुढे फिरवत राहायचे, तासन् तास. मला वाटायचं, ही आजारातली अस्वस्थता. ते हात काम मागताहेत हे कळायला मला चार-पाच महिने लागले.

सुरुवातच चुकली. मी लहान मुलांचे रंगीत ठोकळे आणि मोठ्या तुकड्यांचं चित्रकोडं आणलं. बाबांनी एक ठोकळा उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला आणि विचारलं, "कुणाच्या पोराचं आहे हे?" तारीख त्यांना सांगता येत नव्हती, माझं नावही अधूनमधून निसटायचं. पण आपल्यापुढे खेळणं ठेवलंय हे त्यांना नेमकं कळलं होतं. मला फार लागलं ते. ठोकळे त्याच दिवशी उचलले.

मग मी त्यांची हत्यारांची पेटी काढली, चार फळ्या पुढे ठेवल्या आणि म्हटलं, "बाबा, छोटं स्टूल करू या." ते हातोडी घेऊन बसून राहिले. "आता काय?" मी सांगितलं. अर्ध्यावर थांबले. "आता काय?" मी पुन्हा सांगितलं, मग चुकलेलं दाखवलं, मग घाईने त्यांच्या हातातली फळी घेऊन स्वतःच लावायला गेले. त्यांनी हातोडी आपटली. आणि तेवढ्यात मला दिसलं, त्यांच्या ओठांत दोन खिळे होते. सुताराची सवयच ती, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून खिळे ओठांत धरायचे. पण ते तिथे आहेत हे आता बाबा विसरले होते आणि बोलायला तोंड उघडत होते. मी तळहात पुढे केला, "द्या बाबा, मी धरते." त्यांनी मुकाट्याने दोन्ही खिळे माझ्या हातावर ठेवले. त्या दिवशी खिळे, स्क्रू, तोंडात मावेल असं सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. पटाशी आणि करवतही गेली.

पुढची वाट एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, दाखवली. स्टूल करणं तुम्हाला एक काम वाटतं, त्या म्हणाल्या, पण मोजाल तर त्यात तीस-चाळीस पायऱ्या निघतील, आणि पायऱ्यांचा क्रम धरून ठेवणंच या आजारात अवघड होतं. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, लवकर इजा होते, म्हणून पाच मिनिटांपूर्वीचं टिकत नाही. हाताला पडलेलं वळण मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालतं आणि बऱ्याचदा पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहतं. कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात माँटेसरी पद्धत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसांसाठी वळवून घेतली, तीही याच आधारावर: खऱ्या वस्तू, एका वेळी एक पायरी, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवणं. लहान मुलांसाठीची पद्धत हे ऐकून मला ठोकळेच आठवले. पण यात खेळणी नव्हती, मोठ्या माणसाचं काम मोठ्या माणसासारखंच राहत होतं.

मी घासकाम निवडलं. त्यात पुढची पायरी आठवावी लागत नाही, आणि घासून चुकलं असं सहसा होत नाही. पॉलिशपेपर नुसता दिला तर बोटांतून सटकायचा, म्हणून मुठीत बसेल अशा लाकडी ठोकळ्याला तो गुंडाळून पक्का केला. फळी फिकट रंगाची आणि टेबलही तसंच, त्यामुळे फळीची कड त्यांना दिसेना. हात कडेच्या बाहेर जायचा. मला आधी वाटलं, हेही गेलं आता. खाली गडद निळं कापड अंथरलं आणि हात फळीवर आला! या आजारात डोळे चांगले असले तरी सारख्या रंगातला फरक मेंदूला पकडता येत नाही, असं होतं. कापड फुलाफुलांचं नको. ते एकदा अंथरलं तर बाबा फुलं उचलायला लागले.

फळी सरकू नये म्हणून क्लॅम्प लावला. टेबलावर फळी आणि ठोकळा, तिसरी वस्तू नाही. भुशासाठी खिडकी उघडी. वेळ सकाळची, कारण संध्याकाळी त्यांची घालमेल वाढते. आणि मी बोलणं थांबवलं. माझ्यासाठी हेच सगळ्यात कठीण गेलं. शेजारी बसायचं, स्वतःच्या फळीवर चार हात सावकाश मारायचे, मग ठोकळा त्यांच्यापुढे धरायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी ठोकळा घेतला, फळीवरून अंगठा फिरवला, रेषा कुठल्या दिशेने जातात ते पाहिलं आणि त्याच दिशेने घासायला लागले. रेषेच्या आडवं घासायचं नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं ते घासत होते. मध्येच थांबून फळी फुंकली, तिरकी नजर लावून उजेडात पाहिली. आजाराआधीचे बाबा होते ते.

त्या फळ्यांचं मी त्यांच्याच खोलीत शेल्फ केलं. खिळे मी ठोकले, वेडेवाकडे. पण काम खरं असावं आणि डोळ्यांसमोर राहावं, याबद्दल मी हट्टी आहे.

हे सगळं एकदा जमवलं की झालं, असं मात्र नसतं. सातव्या-आठव्या महिन्यात त्यांना सुरुवात करता येईना. ठोकळा हातात, पण हात हलेना. तेव्हा माझा तळहात त्यांच्या हाताखाली ठेवायला शिकले. वरून दाबून हात ओढला की ते आखडायचे. खालून माझा हात हलला की त्यांचा वर बसून यायचा, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर मी हळूच काढून घेतला तरी चालू राहायचा. पुढे तेही कमी झालं. आता पॉलिशपेपर नाही. गुळगुळीत झालेली फळी मी मांडीवर देते आणि ते नुसता हात फिरवतात. कधी दोनच मिनिटं.

परवा अंगठा एका जागी थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा थांबला. मला काही दिसत नव्हतं, म्हणून मीही तिथे बोट लावून पाहिलं. बारीकसा उंचवटा होता. "राहिलंय," बाबा म्हणाले. मी पॉलिशपेपर आणायला उठले.