तुम्ही विचारलंत म्हणून: मी उभी का राहिले नाही

दर गणपतीत, आरती आटोपून प्रसाद वाटायला घेतला की कोणीतरी विचारतंच. "ताई, इतकी वर्षं तुम्ही निवडणुकांची कामं केलीत, मग स्वतः का नाही उभ्या राहिलात? आपला मराठी माणूस क्वीन्स पार्कला जाणार तरी कधी?" क्वीन्स पार्क म्हणजे कॅनडातल्या आमच्या ऑन्टारियो प्रांताची विधानसभा. आजवर मी विषय बदलत आले. यंदा मात्र विचारणाऱ्या मुलीला जरा तोडूनच बोलले, आणि ती गेल्यावर फार वाईट वाटलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट. "तिथे सगळं पंजाब्यांचंच चालतं, तुम्हाला कोण उभं करणार?" असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रॅमली–गोर–मॉल्टन या आमच्या मतदारसंघातून (ब्रॅमली ब्रॅम्प्टन शहरात, मॉल्टन शेजारच्या मिसिसागात) जगमीत सिंग निवडून आले, ते आधीचे आमदार कुलदीप कुलार यांना हरवून. दोघेही पंजाबीच. म्हणजे 'आपला माणूस' म्हणून मत द्यायचं ठरवलेल्या घरालाही कोणता आपला, हे ठरवावंच लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात जगमीत फेडरल, म्हणजे देशाच्या संसदेच्या, निवडणुकीत ५३९ मतांनी पडले होते. पाच महिन्यांत त्यांची माणसं पुन्हा त्याच दारांवर गेली, आणि पील विभागातून (ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा त्यातच येतात) एनडीपीचा, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा, पहिला आमदार झाला. मी त्यांच्या पक्षाची नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. पण ती मेहनत मी समोरच्या फुटपाथवरून पाहिली आहे.

मराठी घरांचं म्हणाल, तर आपण गणपतीला एका हॉलमध्ये दिसतो म्हणून पुष्कळ वाटतो. दुसऱ्या दिवशी कोणी मिल्टनला, कोणी ओकव्हिलला, कोणी ब्रॅम्प्टनच्या पार उत्तर टोकाला. इथे ज्याला त्या तुकड्यात सगळ्यात जास्त मतं, तो जिंकतो. विखुरलेल्या माणसांची बेरीज कोणी करत नाही. म्हणून मी कधीच 'मराठी उमेदवार' होणार नव्हते. मला मॉल्टन–ब्रॅमलीची उमेदवार व्हायचं होतं.

आणि तिथेच सगळं बिनसलं. आम्ही १९९८ मध्ये मॉल्टनला राहायला आलो आणि आजही त्याच घरात आहोत. मतदारसंघ मात्र बदलत राहिला. माइक हॅरिस सरकारने १९९६ च्या कायद्याने प्रांताच्या १३० जागांच्या १०३ केल्या आणि फेडरल नकाशाच उचलला, तेव्हा १९९९ मध्ये आम्ही ब्रॅमली–गोर–मॉल्टन–स्प्रिंगडेल झालो. २००७ मध्ये स्प्रिंगडेल गळालं. जुने शेजारी सांगायचे, १९५९ मध्ये बिल डेव्हिस पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मतदारसंघाचं नाव नुसतं 'पील' होतं. पुढे ते प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झाले आणि १९८५ पर्यंत राहिले, तेवढ्यात त्यांच्याही मतदारसंघाची दोन नावं बदलून झाली. त्या वेळी मला ही गंमत वाटायची.

२००३ पासून मी दारोदार जायला लागले. विमानतळावरची रात्रपाळी संपवून चार तास झोपायचं आणि दुपारी यादी घेऊन निघायचं. ब्रॅमलीत एका भागातल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून माझी वहीही तशीच होती, एका अक्षराला चार पानं. मॉल्टनचा भाग वेगळा: लँकेस्टर विमानं बांधणाऱ्या कामगारांसाठी युद्धकाळात वसवलेलं व्हिक्टरी व्हिलेज, गोरवे ड्राइव्हच्या कडेच्या इमारती. कोणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन लांबलंय, कोणाची बस चुकते, कोण दार उघडत नाही पण फोन उचलतो, सगळं त्या वहीत होतं. अकरा वर्षांत चारशे बारा घरं झाली. पक्षाचं नॉमिनेशन मागायचं तर मेंबर मतदारसंघातलेच लागतात, आणि तेवढ्या बळावर मला ते मागता आलं असतं.

मग २०१५ मध्ये प्रांताने नवा फेडरल नकाशा स्वीकारला. १०७ च्या १२२ जागा होणार, आणि ब्रॅमली–गोर–मॉल्टन हे नावच पुसलं जाणार. पुढच्या वसंतात आमच्या रायडिंग असोसिएशनची, म्हणजे पक्षाच्या मतदारसंघातल्या शाखेची, शेवटची बैठक झाली, एका प्लाझाच्या तळघरात. टेबलावर तीन खोकी होती: ब्रॅम्प्टन ईस्ट, ब्रॅम्प्टन सेंटर, मिसिसागा–मॉल्टन. सगळ्यांनी आपापल्या याद्या वाटून टाकायच्या होत्या. वहीची फोटोकॉपी काढा, असं सेक्रेटरी म्हणाले. मी काढली. पण का कोण जाणे, मूळ पानंही मीच एकेक फाडून खोक्यांत टाकली. अक्षरांची सगळी पानं शहराच्या हद्दीपलीकडे गेली. माझ्या खोक्यात एकशे अठरा घरं उरली. नव्या मतदारसंघाचा बाकीचा भाग पिअर्सन विमानतळाच्या पलीकडे, ज्या रस्त्यांवर मी कधी पायी चालले नव्हते.

त्या रात्री ब्रॅमलीच्या बीजींना, एका पंजाबी आजींना, फोन केला. माझ्यासाठी पहिला मेंबरशिप फॉर्म त्यांनी भरला होता. म्हटलं, बीजी, आता तुम्ही मला मत नाही देऊ शकणार. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तूं घर बदल लिया, पुत्तर?"

मी नाही म्हटलं. घर तेच आहे. त्यांना ते पटलं नाही, आणि मला समजावता आलं नाही. पाच मिनिटं आम्ही दोघी त्याच एका वाक्याभोवती फिरत होतो. शेवटी, मी सोडून गेले असंच समजून त्यांनी फोन ठेवला.

आता जे कोणाला सांगितलं नाही, तेही सांगते. त्या बैठकीहून एअरपोर्ट रोडने परतताना मला हलकं वाटलं होतं. आता कोणी विचारलं तर दाखवायला नकाशा होता. पैसे कुठून आणणार, रात्रपाळी कशी सोडणार, हरले तर काय, हे कोणी विचारणार नव्हतं. नव्या भागात पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करता आली असती. दोन वर्षं हातात होती. केली नाही.

आणि ही रेषा बदला म्हणून मीच भांडले होते. २०१२ मध्ये फेडरल मतदारसंघांच्या फेरआखणी आयोगापुढे तीन मिनिटं बोलले. ब्रॅम्प्टनची वस्ती दहा वर्षांत सव्वातीन लाखांवरून सव्वापाच लाखांच्या जवळ गेली होती; ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये एका खासदारामागे दोन लाख माणसं, प्रांताची सरासरी एक लाख वीस हजार. आम्हाला जागा वाढवून द्या, म्हणाले. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, जागा वाढल्या की जुन्या फाटणार, हे तुला दिसत नव्हतं? ती म्हणेल, दिसत होतं, पण गणित बरोबर होतं. गणित आजही बरोबर आहे. मॉल्टन आणि ब्रॅमली एकत्र असावं हा माझा हट्टही १९९६ च्या एका कायद्यातूनच आला होता. तरी तो हट्ट सुटत नाही.

२०२५ मध्ये फेब्रुवारीत प्रांताची निवडणूक २०१५ मध्ये स्वीकारलेल्याच नकाशावर झाली, एप्रिलमध्ये फेडरल निवडणूक पुन्हा नव्याने आखलेल्या नकाशावर. दोन महिन्यांच्या अंतराने काही शेजाऱ्यांचे मतदारसंघ पुन्हा वेगळे.

त्या मुलीला मी ती कुठे राहते हेसुद्धा विचारलं नाही. ब्रॅम्प्टनची असेल आणि तिला स्वतःलाच हे काम करायचं असेल, तर तिने मला फोन करावा. कोणत्या रस्त्यापासून सुरुवात करायची, ते मी तिच्यासोबत चालत जाऊन दाखवेन.