कळीच्या जागी पानं

इंग्लंडमधल्या मालव्हर्नच्या टेकड्यांखाली एका आजींच्या बागेत मी दर मंगळवारी काम करतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो, तर त्यांनी फाटकातच विचारलं, "माझ्या ॲस्टरला यंदा झालंय तरी काय?"

इंग्लंडमध्ये या ॲस्टर फुलझाडांना मायकेलमस डेझी म्हणतात, कारण २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाच्या आसपास ही फुलतात. आपल्याकडे दसऱ्याला शेवंती येते तेच दिवस. जवळच्या कोलवॉल गावात अर्नेस्ट बॅलार्ड यांनी यांच्या कितीतरी जाती तयार केल्या. आजींच्या वाफ्यात त्यांतलीच फिकट निळी 'मारी बॅलार्ड' होती.

पाहिलं तर पानांवर भुरीची पांढरी बुरशी नव्हती, मातीत ओल होती. पण कळ्यांच्या जागी बारीक हिरव्या पानांचे झुबके, देठांवर तपकिरी चट्टे आणि फूल एकही नाही. छातीत धस्स झालं. हा कोळी, म्हणजे झाडांवरची बारीक कोळीकीड. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कोवळ्या शेंड्यांत आणि कळ्यांत दडून रस शोषतो. घरच्या बागेत मारता येईल असं औषधही त्यावर मिळत नाही.

ही रोपं मीच आणली होती. दीड वर्षापूर्वी, मार्चात, दुसऱ्या एका बागेतला जुना गड्डा फोडला, मधलं जून झालेलं लाकूड फेकलं आणि कडेचे फुटवे इथे लावले. दर दोन-तीन वर्षांनी असं केलं नाही तर ॲस्टर मधूनच मरत जातं. माझे वडील शेवंतीचं हेच करायचे आणि उरलेले फुटवे गावभर वाटायचे. मीही वाटत आलो, आनंदाने. त्या जुन्या गड्ड्याला आदल्या हंगामात फुलं कमीच आली होती. पाऊस कमी झाला म्हणून असेल, असं मी धरून चाललो. वाकून एक शेंडासुद्धा तपासला नाही.

आजींना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढून टाक सगळी."

दुपारपर्यंत एकेक गड्डा मुळांसकट उपटला. कंपोस्टात काही जाऊ दिलं नाही, सगळं पोत्यांत बांधलं. वसंतात तिथे न्यू इंग्लंड ॲस्टर लावायचं ठरलं. पानं खरखरीत, फुलं संध्याकाळी मिटतात, पण हा कोळी आणि भुरी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

घरी आल्यावर वही काढून, मी कुठे कुठे फुटवे दिले ते लिहीत बसलो. सात बागा निघाल्या. जेवणाआधी पहिला फोन लावला.