यूआयओ-६६चे स्फटिक आणि पुण्याचा पावसाळा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आलेले काम वरवर साधे होते: यूआयओ-६६ ही झिर्कोनियमची धातू-सेंद्रिय चौकट (धातूच्या अणूंचे गुच्छ सेंद्रिय रेणूंच्या दुव्यांनी जोडलेला सच्छिद्र स्फटिकी पदार्थ) एकसारख्या आकाराच्या स्फटिकांत तयार करायची. ओस्लो विद्यापीठातून २००८ मध्ये पुढे आलेल्या या पदार्थाची कृतीही सोपी आहे. झिर्कोनियम टेट्राक्लोराइड आणि टेरेप्थॅलिक आम्ल डीएमएफ या सेंद्रिय द्रावकात विरघळवून ते द्रावण बंद भांड्यात १२० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचे.

मार्चमध्ये जमलेली हीच कृती जुलैत बिघडली. भुकटी इतकी बारीक निघू लागली की सेंट्रिफ्यूजमध्ये ती नीट खाली बसेना, आणि क्ष-किरण विवर्तनात ७.४ अंशांजवळचे मुख्य शिखर पसरट दिसू लागले, म्हणजे स्फटिक लहान झाल्याची खूण. मी ओव्हनवर संशय घेतला आणि त्याच्या प्रत्येक कप्प्याचे तापमान मोजण्यात तीन आठवडे घालवले. एके दिवशी टेट्राक्लोराइडच्या बाटलीचे झाकण उघडताच दमट हवेत पांढरा धूर उठलेला पाहिला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: टेट्राक्लोराइडची हवेतल्या पाण्याशी अभिक्रिया होत होती.

पाणी ही इथे केवळ अशुद्धी नसते. सहा झिर्कोनियम अणूंच्या प्रत्येक गुच्छाला आठ ऑक्सिजन अणू लागतात आणि ते मुख्यतः पाण्यातूनच येतात. पाणी वाढले की गुच्छ भराभर बनतात, एकाच वेळी असंख्य स्फटिककेंद्रे तयार होतात, आणि तेवढाच माल सगळ्यांत वाटला गेल्याने प्रत्येक स्फटिक लहान राहतो. म्हणजे आकार ठरवत होता पुण्याचा पाऊस, मी नव्हे!

त्यानंतर बाटली ग्लोव्ह बॉक्समध्ये (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत) गेली, डीएमएफ दरवेळी नव्या बाटलीतले वापरू लागले, आणि पाणी मायक्रोपिपेटने मोजून घालू लागले. दुसरा लगाम ॲसेटिक आम्लाचा. ते झिर्कोनियमवरच्या त्याच जागांसाठी टेरेप्थॅलिक आम्लाशी स्पर्धा करते, त्यामुळे केंद्रे कमी पडतात आणि पडलेल्यांना सावकाश वाढता येते. झिर्कोनियमच्या १०, ३० आणि ५० पट मोल आम्ल घालून पाहिल्यावर एकमेकांत गुंतलेल्या दाण्यांऐवजी सुटे, रेखीव अष्टफलक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. शिखराच्या रुंदीवरून काढलेला आकार मी तोवर प्रमाण मानत असे, पण दोष आणि ताण यांनीही शिखर पसरते, त्यामुळे छायाचित्रांतले दोनशे-दोनशे स्फटिक मोजण्याचा कंटाळवाणा उद्योग मला टाळता आला नाही.

५० पटीचे स्फटिक सर्वांत देखणे होते, तरी मी ३० पटीवर थांबले. शुष्क, निर्दोष चौकटीचे वजन जळून उरलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडच्या सुमारे २.२ पट असायला हवे. ५० पटीच्या नमुन्यात हे गुणोत्तर बरेच कमी भरले, म्हणजे ॲसेटिक आम्लाने काही टेरेप्थॅलेट दुवे चौकटीत येऊच दिले नव्हते.