तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी गल्ली सोडून निजामपुऱ्यात का गेलो

"बडोद्यात एवढी आपली माणसं असताना तुम्ही तिकडनं उठून निजामपुऱ्यात कशाला गेलात?" हे मला जाऊबाई विचारतात, साताऱ्याच्या आत्या विचारतात, जुन्या गल्लीतले तर मंडईत भेटले तरी विचारतात. आणि आता फौजी नवऱ्याबरोबर नवीन पोस्टिंगवर आलेल्या मुलीही फोन करून विचारायला लागल्यात, कारण कुणीतरी त्यांना माझा नंबर दिलेला असतो. ताई, घर कुठे बघू, दांडिया बाजारकडे मराठी वस्तीत की लष्कराच्या कँपजवळ? मी दर वेळी शाळा जवळ पडते म्हणून सांगते आणि विषय बदलते. शाळा जवळ पडते हे खरं आहे, पण आम्ही घर त्यासाठी बदललं नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

कँपमधे का नाही राहिलात, हे आधी उरकते. ह्यांची ईएमई स्कूलमधली (लष्कराच्या गाड्या-तोफा दुरुस्त करणाऱ्या कोअरची इथली शाळा) टर्म संपून फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब बरोबर नेता येत नाही असं, आलं तेव्हा मुलगी सातवीत होती आणि शाळा बदलून बदलून इतकी गप्प झाली होती की आता हिला परत हलवायचं नाही हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. क्वार्टर ठरावीक मुदतीपर्यंतच ठेवता येतं, नवरा फील्डला असलेल्या कुटुंबांसाठीची, सेपरेटेड फॅमिलीची, घरं मोजकी आणि यादी लांबलचक. नंबर लागला असता कधीतरी, पण मला ते लटकत राहणं नको होतं. आणि खरं सांगायचं तर कँपमधे नवरा फील्डला असताना एकटीने राहणं हेही सोपं नसतं, नवऱ्यांची रँक बायकांच्या मागेमागे पार्कातल्या बाकापर्यंत येते. मार्चिंग आउटच्या, म्हणजे क्वार्टर परत करायच्या दिवशी एमईएसचा (लष्कराची घरं सांभाळणारं खातं) माणूस पंखे, ट्यूबलाइटी, नळ एकेक मोजत होता, स्वयंपाकघरातल्या खिडकीची तडकलेली काच आम्ही यायच्या आधीपासूनची आहे हे मी त्याला परत परत सांगत होते, तरी पैसे कापले गेलेच. गावाला का नाही गेलात म्हणाल तर मुलीची शाळा, बस्स, त्याच्यापुढे मला काही सांगायचं नाही.

तर मग जुन्या शहरातली मराठी गल्ली मीच निवडली होती. कुणी ढकललं नव्हतं. आजवर प्रत्येक स्टेशनला मी काळ्या ट्रंका उतरायच्या आधी दारांवरच्या पाट्या वाचत फिरलेली बाई आहे, एखादं जाधव, एखादं कुलकर्णी दिसलं की जीव भांड्यात पडायचा. अंबाल्याला तर पहिला पूर्ण हिवाळा मी कुणाशी धड बोलले नव्हते, हिंदी तोंडात यायची नाही, पोर कडेवर. म्हणून बडोद्याला पोस्टिंग आलं तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं होतं आणि कँपमधे असतानाच मी ठरवून टाकलं होतं की बाहेर राहायची वेळ आली तर मराठी वस्तीतच राहायचं. गणपती, हळदीकुंकू, आषाढीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा म्हणजे मिरवणूक, मुलीच्या कानावर मराठी. त्या वेळच्या मला मी आजही वेड्यात काढणार नाही. तिला जे पाहिजे होतं ते बरोबरच होतं.

आणि गल्लीने दिलं पण. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी वर पाठवली. मटण शिजवू नका वगैरे काही नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात, विश्वामित्री नदी 37 फुटांच्या आसपास गेली तेव्हा, आमच्याकडे वीज गेली, दूध नाही, मोटर बंद म्हणून वर पाणी चढेना, तर काकूंचा मुलगा बादल्या घेऊन जिने चढत होता. हे मी विसरलेले नाही. गल्ली वाईट होती असं मी कधीच म्हटलेलं नाही, जे तसं पसरवतात त्यांनी जरा मला विचारून बोलावं.

पण एक गोष्ट मला हळूहळू जाणवत होती. काकू नेहमी सांगायच्या, आमच्या पणजोबांना सयाजीराव महाराजांनी आणलं. शेजारच्यांचे आजोबा संस्थानात कारकून. सगळे कुठून ना कुठून आलेले, महाराज स्वतः 1875 मधे बारा वर्षांचे असताना नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले. म्हणजे बाहेरून आलेल्याला जागा देणं त्या गल्लीच्या रक्तातच होतं. फक्त ती जागा राहायला आलेल्यांसाठी होती. जाणाऱ्यांसाठी काय असतं? तर मान. खूप मान. गणपतीत पहिल्या दिवशीच्या आरतीला मला पुढे उभं करायचे, 26 जानेवारीला झेंड्याखाली माझा फोटो. ईएमईचं दक्षिणामूर्ती मंदिर, तो अॅल्युमिनियमचा घुमट, बघायला सगळ्या बायकांना मीच नेलं. मिलिटरी कँटीनमधून मिक्सर मिळेल का, हेही विचारायचे, त्याचं काही नाही, ते सगळीकडे विचारतात. पण महिला मंडळाची नवीन कमिटी करताना मी म्हटलं हिशोब मी लिहिते, तर एक जण अगदी प्रेमाने म्हणाली, "वहिनी तुम्ही कशाला, तुम्ही काय आज आहात उद्या नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्या दिवशी वाईट वाटलं आणि मी घरी येऊन स्वतःलाच समजावलं की खरंच तर बोलली ती, बदली आली की जाणारच आहोत.

आता मे महिन्याचं सांगते. हे मी अजून कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

6 मे 2025, मंगळवारी संध्याकाळी ह्यांचा फोन आला. कुठून ते मी लिहिणार नाही. मुलीच्या सुट्टीचं विचारलं, मग म्हणाले एक-दोन दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नकोस. झालं. असं ते पूर्वीही म्हणालेले आहेत म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. सकाळी उठले तर रात्रीत ऑपरेशन सिंदूर झालेलं, ह्यांचा फोन बंद, आणि सात वाजता दारात गल्लीतले लोक पेढे घेऊन. वहिनी तोंड गोड करा. मी पेढा घेतला, घ्यायला लागतो. प्रत्येक जण एकच विचारत होता, काही कळलं का, साहेब कुठे आहेत, तुम्हाला तर आतलं माहीत असेल. मला काहीच माहीत नव्हतं. नवरा वर्कशॉपमधे गाड्या आणि तोफा दुरुस्त करतो म्हणजे तो मागे सुरक्षित असतो असंही काही नाही, रिकव्हरीला, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला, पुढेच जावं लागतं, पण हे मी लोकांना का समजावत बसू? संध्याकाळी मॉक ड्रिलचा ब्लॅकआउट होता. पोरं अंधारात मजेत ओरडत होती आणि खालून कुणीतरी मोठ्याने विचारलं, वहिनी, तिकडे बॉर्डरवर असंच असतं का हो?

गुरुवारी सकाळी दूध आणायला उतरले तर चौकात बॅनर. विजेच्या खांबापासून पार पानाच्या टपरीपर्यंत रुंद. "आमच्या गल्लीचा अभिमान". खाली ह्यांचं पूर्ण नाव, रँक, कोअरचं चिन्ह, आणि मधोमध माझ्या व्हॉट्सअॅपच्या डीपीमधून काढून मोठा केलेला वर्दीतला फोटो. इतका मोठा केलेला की गालावर चौकोन चौकोन दिसत होते. आणि त्या फ्लेक्सवाल्याने डिझाइनमधे असतात तशा झेंडूच्या माळा दोन्ही कोपऱ्यांतून सोडलेल्या, त्या बरोबर फोटोच्या दोन्ही बाजूंनी उतरून छातीखाली मिळत होत्या.

मला हार दिसला. बाकी काही दिसलं नाही. तिरंगा, नाव, अभिमान, काही नाही. वर्दीतल्या फोटोला हार.

लोकांना मी नंतर सिक्युरिटीचं कारण सांगितलं. नाव, रँक, फोटो असं चौकात लावायचं नसतं, मोबाइलवर टाकायचं नसतं, फौजी बायकांच्या वेल्फेअर मीटमधे आम्हाला हे सारखं बजावलेलं असतं, आणि त्या दिवसांत तर जास्तच. ते कारण शंभर टक्के खरं आहे. पण मी दुधाची पिशवी खाली टाकून मंडळाच्या पोरांवर ओरडले ते त्यासाठी नाही. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता उतरवा. पोरगं बिचारं म्हणालं, वहिनी सगळ्यांनी वर्गणी काढून केलंय, दुपारी तुमच्या हातून फोटोला ओवाळायचं आहे, मोबाइलवर लाइव्ह करणार आहोत. मी म्हटलं उतरव म्हणजे उतरव. काकू खाली आल्या, माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं असं काय करतेस, ते काय तुझ्या एकटीचे आहेत का, आपल्या सगळ्यांचेच आहेत." मी म्हटलं, काकू, आज तरी माझ्या एकटीचे असू देत.

उतरवला त्यांनी. गुंडाळून कुठेतरी ठेवला. वर जाताना जिन्यात ऐकू आलं, फौजी बायकांना फार ताठा असतो. कोण बोललं ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी प्रेमाने केलं होतं. मान्य. मी तेव्हाही मान्य करत होते, आजही करते. एवढी माणसं पैसे काढून तुमच्या नवऱ्याचा बॅनर लावतात हे काय सगळ्यांच्या नशिबी असतं का, असं माझी जाऊ म्हणाली आणि ती खोटं बोलत नाही. पण त्या दिवसांत मला फोन कधी लागेल एवढंच कळत होतं आणि माझ्या घराच्या खाली सण चालला होता. त्या सणात मी एकटीच अशी होते जिला अजून काहीच माहीत नव्हतं, आणि तसं माहीत नसलेलं मला कुणी राहू देत नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलीला घेऊन निजामपुऱ्यात गेले, तिच्या मैत्रिणीकडे, निमित्त एका पुस्तकाचं. मैत्रिणीच्या आजी, सगळे त्यांना बा म्हणतात, ओट्यावर गवार निवडत बसलेल्या. माझ्याकडे बघितलं, आत टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या, नातवाला म्हणाल्या बंद कर. अर्धी गवार माझ्या पुढ्यात ढकलली. मग त्यांनी पाण्याच्या टँकरचं सांगितलं, सुनेच्या नोकरीचं सांगितलं, माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या शिरा नीट काढ. हे कुठे आहेत, फोन आला का, एक अक्षर नाही. त्यांना माहीत होतं, मैत्रिणीने सांगितलंच असणार. निघायला लागले तर "जमीने जजो". जेवलो. शुक्रवारी परत गेलो, शनिवारी पण. शनिवारी संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं आलं तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते आणि तेव्हाही त्या फक्त म्हणाल्या, हवे चा मूको. चहा ठेवला मी. ह्यांचा फोन रविवारी आला. गॅस सिलिंडर बुक केलास का, विचारत होते.

शाळा उघडायच्या आधी आम्ही बांच्या मागच्या लेनमधल्या घरात आलो होतो.

आता तुमचे टोमणे. हो, नवीन मालकांची नॉनव्हेज शिजवायचं नाही ही अट मी मान्य केली आहे. हे सुट्टीवर आले की रविवारी मटण नाही म्हणून पहिल्या वेळी जरा फुरंगटले होते, आम्ही बाहेर जाऊन जेवतो, पण घरच्या रश्श्याची सर त्याला नाही हे मलाही कळतं. हो, मुलगी मराठीत गुजराती मिसळायला लागली आहे, आत्याशी फोनवर बोलताना अडखळते, त्याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं तुम्हाला वाटूच शकत नाही. मराठी माणसांवर राग धरला, हे मात्र साफ चूक. हाच बॅनर उद्या निजामपुऱ्यात लागू शकतो आणि त्या गल्लीतही एखादी बा असेल, माझी भेट झाली नाही इतकंच. झाली असती तर कदाचित आजही तिथेच असते. हा विचार मला रात्री येतो आणि मग बादल्या घेऊन जिने चढणारा काकूंचा मुलगा आठवतो. मी कुणाला सोडून आले, असं स्वतःला विचारते. एकच उत्तर कधीच येत नाही.

नवीन आलेल्या मुलींना मात्र आता शाळा जवळ वगैरे सांगत नाही. त्यांना म्हणते, घर बघायला जाशील तेव्हा लेनमधल्या बायका तुला काय विचारतात बघ. नवरा कुठे पोस्टेड, काय रँक, कँटीन कार्ड आहे का, हे सगळे विचारणारच. पण एखादी काम सांगते का बघ. आम्ही निजामपुऱ्यात आल्यावर नवरात्रात सोसायटीच्या वर्गणीची वही माझ्याकडे आली, कुणी म्हटलं नाही की तुम्ही तर जाणार. बदली होऊन गेले तर वही दुसरीकडे जाईल, एवढं सोपं त्यांच्या डोक्यात आहे. एक मुलगी मला म्हणाली, ताई, माझा छोटा दोन वर्षांचा आहे आणि मला हिंदी येत नाही, मी काय करू? तिला मी सांगितलं की मग तू सरळ मराठी वस्तीत घर घे. घेतलं तिने, खूश आहे.

परवा काकूंचा फोन होता, गणपतीला येतेस ना म्हणून. जाणार आहे, मोदकांना त्यांना दर वर्षी दोन हात कमी पडतात. बॅनरचं त्याही काढत नाहीत, मीही नाही. वरचा मजला अजून रिकामाच आहे, असंही सहज म्हणून गेल्या. मी ऐकून घेतलं. पण परत राहायला येणार का विचाराल तर हे फील्डवरून येईपर्यंत तरी नाही.