आपल्या फोनमधली दुसऱ्यांची माहिती

ऑनलाइन गोपनीयतेविषयीचे सल्ले बहुधा एकट्या माणसाला उद्देशून दिलेले असतात: पासवर्ड मजबूत ठेवा, दुहेरी पडताळणी सुरू करा, अनोळखी लिंक उघडू नका. हे सल्ले योग्यच आहेत. परंतु आपली बरीचशी माहिती ओळखीच्या माणसांच्या हातून बाहेर जाते आणि त्यांची आपल्या हातून, याकडे फारच कमी लक्ष दिले जाते, असे मला वाटते.

एखादे नवे अ‍ॅप संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागते आणि आपण ती सहज देऊन टाकतो. त्या यादीत केवळ नावे आणि क्रमांक नसतात. कोणाचा ईमेल असतो, कोणाचा वाढदिवस, कोणाच्या घराचा पत्ता, आणि नावापुढे आपण लिहिलेले 'डॉक्टर' किंवा 'वकील'ही असते. यांपैकी कोणालाही आपण विचारलेले नसते. अशा अनेकांच्या याद्या एकाच कंपनीकडे जमा झाल्या, की ज्याने ते अ‍ॅप कधी उघडलेलेही नाही, त्याचे नातेवाईक आणि सहकारी कोण असावेत, याचा अंदाज बांधता येतो.

हे किती दूरवर पोहोचू शकते, ते 2018 मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले. फेसबुकवरील एक व्यक्तिमत्त्व-चाचणीचे अ‍ॅप सुमारे 2 लाख 70 हजार लोकांनी वापरले होते, परंतु त्या काळच्या नियमांनुसार अशा अ‍ॅपला वापरणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती मिळत असल्यामुळे, फेसबुकच्याच अंदाजानुसार 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतील बहुसंख्यांनी स्वतः कोणतीही चूक केलेली नव्हती, आणि मला या प्रकरणातील हीच बाब सर्वांत गंभीर वाटते.

त्याच वर्षी अमेरिकेत अनेक दशके न सापडलेला एक गुन्हेगार पकडला गेला, तो दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर दिलेल्या डीएनएच्या आधारे. गुन्हेगार सापडला हे चांगलेच झाले. पण नात्यातील एकाने चाचणी करून ती माहिती अपलोड केली, की संपूर्ण कुटुंबाची ओळख काही अंशी खुली होते, हेही त्यातून सिद्ध झाले.

रोजच्या संभाषणालाही हे लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश प्रवासात कूटबद्ध, म्हणजे तिसऱ्या कोणालाही वाचता न येणाऱ्या रूपात, असतात, मात्र क्लाउडवरील बॅकअप कूटबद्ध करण्याची सोय 2021 मध्ये आली आणि ती स्वतःहून सुरू करावी लागते. आपण ती सुरू केली आणि समोरच्याने केली नाही, तर त्याच्या बॅकअपमधील आपले शब्द उघडेच राहतात. म्हणून ही सेटिंग जवळच्या माणसांना दाखवून देणे मला आवश्यक वाटते.

छायाचित्रांच्या बाबतीत निदान दोन गोष्टी करता येतात: इतरांचे, विशेषतः लहान मुलांचे, छायाचित्र टाकण्यापूर्वी विचारावे, आणि मूळ फाइल पाठवताना तिच्यातील स्थळाची नोंद काढून टाकावी. संपर्कांची परवानगी फोनच्या सेटिंगमधून केव्हाही मागे घेता येते. मात्र त्यामुळे आधीच अपलोड झालेली यादी कंपनीच्या सर्व्हरवरून आपोआप पुसली जाईलच असे नाही. ती काढून टाकण्याचा पर्याय काही अ‍ॅपांत स्वतंत्रपणे दिलेला असतो, आणि तो शोधून वापरावा लागतो.