राजीनामा कोणत्या तारखेला द्यावा

नोकरी सोडावी की नाही, यावर घरात, टपरीवर आणि कंपनीच्या बसमध्ये पुष्कळ चर्चा होते. ती कोणत्या तारखेला सोडावी, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात काम करताना मी स्वतः नोकऱ्या बदलल्या आहेत आणि हाताखालच्या अनेकांचे राजीनामेही पुढे पाठवले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की हे दोन निर्णय एकाच बैठकीत घेऊ नयेत. पहिला निर्णय नाराजीतून झाला तरी हरकत नाही. साहेबांशी पटत नाही, शिकण्यासारखे काही उरलेले नाही, तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत रोजची संध्याकाळ जाते, ही कारणे खरी असतात आणि ती कोणाला पटवून देण्याची गरजही नसते. दुसरा निर्णय मात्र नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि कॅलेंडर समोर ठेवूनच करावा.

आमच्या विभागातला एक मुलगा एप्रिलमधल्या पगारवाढीचा आकडा पाहून तडक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘सर, आता एक दिवससुद्धा नको. आजच राजीनामा टाकतो.’ दुसरीकडची नोकरी त्याने आधीच पक्की केलेली होती, त्यामुळे त्याला अडवण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याला फक्त रुजू झाल्याची तारीख विचारली. चार वर्षे नऊ महिने झाले होते आणि नोटीस दोन महिन्यांची होती. म्हणजे त्या दिवशी राजीनामा दिला असता तर शेवटचा दिवस चार वर्षे अकरा महिन्यांवर आला असता आणि ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, लागणारी ५ वर्षे एका महिन्याने हुकली असती. सेवा शेवटच्या दिवसापर्यंत मोजली जाते, राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्याचे मूळ वेतन ४०,००० रुपये होते. त्याला १५ ने गुणायचे, २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे, असा हिशेब असतो. पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार रुपये झाले. हा आकडा कागदावर लिहून मी त्याच्यापुढे सरकवला. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरावे, असा अर्थ न्यायालयाने काढलेला आहे, हे त्याच्या मित्राने त्याला सांगितले होते आणि ते खरेही आहे. पण सगळ्या कंपन्या ते आपणहून मानत नाहीत, आणि जे एक महिना थांबून बिनबोभाट मिळते त्यासाठी अर्जविनंत्या करत फिरण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. नव्या कंपनीला त्याने महिनाभर मुदत मागितली आणि ती मिळाली. मुदतीच्या करारावर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार त्यांना एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

वार्षिक बोनस आणि इन्सेंटिव्ह यांचेही असेच आहे. ते देण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीत असला पाहिजे, आणि काही ठिकाणी तर नोटीसवरही नसला पाहिजे, अशी ओळ नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या नियमावलीत कुठेतरी असते. ती शोधून वाचावी.

नोटीस पिरियडचा प्रकार मला कायम गमतीदार वाटत आला आहे. स्वतःच्या माणसाला ९० दिवस धरून ठेवणारी कंपनीच जाहिरातीत मात्र ‘ताबडतोब रुजू होणारा उमेदवार हवा’ असे लिहिते. नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येत असेल तर ते मूळ वेतनावर मोजणार की पूर्ण पगारावर, आणि ते नवी कंपनी देणार की आपण, हे लेखी घ्यावे. नव्या ठिकाणचे सहीशिक्क्याचे पत्र हाती येईपर्यंत जुन्या ठिकाणी एक शब्दही बोलू नये. ‘तुमचे फायनलच आहे, पत्र दोन दिवसांत येईल’ या फोनवर विसंबून हातची नोकरी सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी अचानक पगार वाढवून देऊ करते तेव्हा माझा सल्ला नकार देण्याचा असतो. एवढे पैसे तुमच्यासाठी होते तर ते एप्रिलमध्ये कुठे होते, हा प्रश्न स्वतःला विचारला म्हणजे पुरे.

नव्या पगाराची तुलना करताना सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्याला भुलू नये. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के आणि मिळेल की नाही याची खात्री नसलेला व्हेरिएबलचा, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, भाग असतो. दरमहा खात्यात किती जमा होणार, एवढेच विचारावे.

सोडून गेल्यानंतरच्या कागदांकडे दुर्लक्ष होते आणि त्रास तिथेच होतो. पीएफ काढून घेण्याचा मोह टाळून तो नव्या खात्यात वर्ग करावा, कारण एकूण ५ वर्षांची सेवा भरण्याआधी काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. वर्ग केल्यास जुनी वर्षे धरली जातात. पीएफच्या पोर्टलवर जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर पैसे वर्ग होण्याचे काम अडून बसते. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख आपण स्वतःही भरू शकतो. वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली तर आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला लेखी द्यावी. तसे केले नाही तर नव्या करप्रणालीत दोन्ही कंपन्या ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट स्वतंत्रपणे धरतात, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना उरलेला कर व्याजासह एकदम भरावा लागतो.

आणि आरोग्य विमा. कंपनीची सामूहिक पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. मध्ये पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन गावी जाऊन यायचे ठरवले असेल तर तेवढे दिवस संपूर्ण घर विम्याविना असते. नव्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडील धरलेले आहेत का, हा प्रश्न मी आता पगाराच्याही आधी विचारतो. वैयक्तिक पॉलिसी नव्याने घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्याऐवजी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे का, याची चौकशी नोटीसच्या काळातच करावी, शेवटचा दिवस उलटल्यावर नव्हे. गेल्या वेळी मी राजीनामा दिला तेव्हा आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सांगून ठेवलेलीच होती. नव्या ठिकाणी आईवडिलांना विमा नव्हता. त्यामुळे नोटीसच्या काळातच एका डोळ्याची आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली, दोन्ही दावे मंजूर झाले आणि मगच मी क्लिअरन्सच्या फॉर्मवर सह्या गोळा करायला स्टोअरपासून कँटीनपर्यंत फिरलो.