पोहता येत नाही, तरी राफ्टिंगला जाऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी राफ्टिंग करून आल्यापासून जो तो मला हेच विचारतो. माझं उत्तर आहे, जा. पण निघण्याआधी काठावर ज्या सूचना देतात त्या जीव लावून ऐका. पोहता येणाऱ्यांनी तर जास्तच.

आमच्या राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत, सहा जण होतो आणि मागे गाइड. त्यातल्या एका मैत्रिणीला पोहता येत नव्हतं. तिने शब्दन् शब्द ऐकला. मला लहानपणापासून पोहता येतं, त्यामुळे माझं अर्धं लक्ष नदीकडे होतं.

रॅपिड म्हणजे नदीचा खळाळत, वेगाने वाहणारा भाग. त्याच्या अवघडपणाच्या ग्रेड 1 ते 6 असतात. आमचा 3 चा होता. बाजूने लाट आली आणि मी बाहेर फेकले गेले. मग तलावात करते तेच मी केलं. पाणी कमरेएवढंच वाटलं म्हणून पाय टेकवायला गेले. गाइड जिवाच्या आकांताने ओरडला, "पाय वर!"

वाहत्या पाण्यात पाऊल दगडांच्या फटीत अडकलं, तर मागचा प्रवाह माणसाला पुढे पालथं पाडतो आणि दाबून धरतो. मग अंगात लाइफ जॅकेट असलं तरी कमरेएवढ्या पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. म्हणून उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर दिसतील इतके वर. वाटेत दगड आला तर तो पायांनी झेलायचा. श्वास दोन लाटांमधल्या खळग्यात घ्यायचा, लाटेच्या माथ्यावर तोंडात पाणीच जातं. वाचवायला पिशवीत भरलेला दोर फेकतात, तेव्हा दोरच धरायचा, पिशवी नाही, कारण पिशवीतून दोर सुटतच राहतो. आणि तो हाताला कधीही गुंडाळायचा नाही.

यातल्या कशालाही पोहता यावं लागत नाही. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही. तिथे भरवसा जॅकेटचाच. ते घातल्यावर कुणालातरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे.

वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ मात्र सोडू नका, सुटली तर ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. भीती वाटली की हात थांबतात, तेव्हाच वल्हवायचं असतं. वल्हं पाण्यात असलं की तोलही राहतो.

कंपनी निवडताना एवढंच विचारा: पाण्यात पडलो तर काय करायचं? "काही होत नाही हो," असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. पावसाने पाणी वाढलं की तोच रॅपिड अवघड होतो. अशा दिवशी सहल रद्द करणाऱ्यांवर चिडू नका.

मला राफ्टमध्ये ओढून घेतलं ते त्या मैत्रिणीने. गुडघे राफ्टच्या कडेला टेकवून, माझ्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरून, स्वतःला मागे झोकून देत, अगदी काठावर सांगितलं होतं तसं. पोहता येत नाही हे तिने आधीच सांगितलं होतं, म्हणून गाइडने तिला मागे, आपल्याजवळ बसवलं होतं. तुम्हीही सांगा, लपवू नका.